आधी केमोची फाइल, मग कॅल्क्युलेटर: कॅन्सरमधून बरे झालेल्यांच्या हृदयाचा धोका कसा मोजायचा

पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका किती, हे सांगणारे कॅल्क्युलेटर आता कुणालाही मोबाइलवर उघडता येतात. पण ‘स्कोर-२’, ‘प्रिव्हेंट’ किंवा जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते यांत केमो आणि रेडिएशनचा डोस भरायला जागाच नाही. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईला तिथे ‘कमी धोका’ दिसला, तरी तिच्या उपचारांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

म्हणून सुरुवात फाइलपासून करा. औषधांची नावे, प्रत्येक सायकलचा डोस, शरीराचे क्षेत्रफळ, रेडिएशन कोणत्या बाजूला आणि किती ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक), स्तनाच्या कॅन्सरवरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध मिळाले का, आणि उपचारांआधीच्या व नंतरच्या टूडी इकोमधला ईएफ (हृदय दर ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) एवढे हवे. डिस्चार्ज कार्डावर नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा.

सगळ्यात जास्त घोळ डोसमध्ये होतो. समजा, क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर आणि दर सायकलला ९६ मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन, म्हणजे हृदयाला इजा करू शकणारे केमोचे एक औषध. चार सायकलचे एकूण ३८४ मिलिग्रॅम झाले, पण धोका ठरवताना धरायचा आकडा तो नव्हे. ३८४ ला १.६ ने भागून येणारे २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरायचे. त्याच गटातले एपिरुबिसिन घेतले असेल तर ते डॉक्सोरुबिसिनच्या मापात आणावे लागते, आणि इथे साधनांत एकमत नाही: काही ०.८ ने गुणतात, जुनी ०.६७ ने. कोणता गुणक वापरला तो उत्तराशेजारी लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीची तुलना फसते.

अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार डॉक्सोरुबिसिन २५० किंवा त्याहून जास्त असेल, अथवा हृदय रेडिएशनच्या टप्प्यात येऊन ३० ग्रे वा अधिक मिळाले असतील, तर धोका वाढलेला धरतात. वरच्या उदाहरणात २४० म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. कॅन्सरच्या उपचारांच्या वेळी वय ६० किंवा जास्त असेल, किंवा बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा यांतले दोन घटक असतील, तर कमी डोसवरही ती व्यक्ती त्याच गटात जाते. आपल्याकडे बीपी आणि शुगर एकत्र असलेल्या बायका कमी नाहीत, म्हणून ही ओळ सोडू नका.

लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी अमेरिकेतल्या ‘चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’चे वेगळे कॅल्क्युलेटर आहे. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांच्या माहितीवर ते बेतले आहे. मोठेपणी कॅन्सर झालेल्यांनी ते वापरू नये.

उपचारांचा हिशेब झाला की रोजच्या घटकांकडे वळा. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टचे ‘आह-हा’ हे साधन रुग्णाच्या संगणकीय नोंदींतून सात गोष्टी उचलते: धूम्रपान, वजन, व्यायाम, आहार, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर. प्रत्येकीला लाल, पिवळा वा हिरवा रंग देऊन ते डॉक्टर आणि रुग्ण दोघांसमोर ठेवते. कागदावरही हे करता येते, फक्त दोन ठिकाणी जपा. बीएमआयची परदेशी मर्यादा २५ असते, भारतीयांसाठी २३ पासूनच पिवळा रंग द्या. आणि साधन मिलिमोलमध्ये कोलेस्टेरॉल मागत असेल, तर आपल्या लॅबचा मिलिग्रॅममधला आकडा ३८.६७ ने भागा. २०० चे साधारण ५.२ होतात.

धोका जास्त निघाला तर युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या २०२२ च्या सूचनांनुसार त्रास नसतानाही उपचार संपल्यापासून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या वर्षी आणि पुढे दर पाच वर्षांनी इकोचा विचार करावा. शक्यतो एकाच केंद्रात आणि एकाच पद्धतीने करा, कारण मोजणारा बदलला की ईएफ काही अंकांनी इकडेतिकडे होतो. ईएफ दहा किंवा जास्त अंकांनी उतरून ५० च्या खाली गेला, तर बीपी-शुगरच्या गोळ्यांवर भागवू नका, हृदयतज्ज्ञ गाठा. चालताना दम लागणे, पायांवर सूज, आडवे झाल्यावर श्वास अडकणे ही लक्षणे असतील, तर कोणतेही कॅल्क्युलेटर उघडत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.