न्यायदालनातून थेट वार्तांकन करताना या चुका टाळा

सुनावणी सुरू असताना मागच्या बाकावर बसून मोबाइलवर दोन-दोन ओळींत घडामोडी कळवणे हा न्यायालयीन बातमीदाराच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे आणि या कामाला आता सर्वोच्च न्यायालयाची मान्यताही आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने करोनाच्या लाटेत प्रचारसभा होऊ दिल्याबद्दल निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा, असा तोंडी शेरा मारला आणि तो काही मिनिटांत देशभर पोहोचला. अशा शेऱ्यांच्या बातम्या रोखाव्यात ही आयोगाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ रोजी अमान्य केली. समाजमाध्यमांवरून क्षणोक्षणी दिली जाणारी माहिती हा खुल्या न्यायालयाचाच विस्तार आहे, असे न्यायालयाने म्हटले. पण तो शेरा लेखी आदेशात नव्हता आणि म्हणून तो न्यायालयाच्या निर्णयाचा भाग नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट करण्यात आले. न्यायदालनात जे बोलले गेले ते सांगण्याचा हक्क आपल्याला आहे. मात्र जे बोलले गेले ते सगळे न्यायालयाने ठरवलेले नसते. थेट वार्तांकनातल्या बहुतेक चुका ही दुसरी गोष्ट विसरल्यामुळे होतात.

शेरा, युक्तिवाद आणि आदेश यांची सरमिसळ

समजा, जामीन अर्जावर सुनावणी सुरू आहे. न्यायमूर्ती सरकारी वकिलांना विचारतात, "आरोपी आठ महिने आत आहे, आरोपपत्रही दाखल झाले आहे, मग आता कोठडीची गरज काय?" बातमीदार लगेच लिहितो : "आरोपीला कोठडीत ठेवण्याची गरज नाही – न्यायालय." वीस मिनिटांनी अर्ज फेटाळला जातो. पहिली नोंद तोपर्यंत शेकडो लोकांनी पुढे पाठवलेली असते आणि न्यायालयाने वीस मिनिटांत मत बदलले, असा निष्कर्ष काढून लोक न्यायमूर्तींच्या हेतूंवर चर्चा करू लागतात. प्रत्यक्षात मत बदललेलेच नसते, कारण ते मत नव्हते, प्रश्न होता. ज्या बाजूचे म्हणणे पटत आलेले असते, तिलाही न्यायमूर्ती अवघड प्रश्न विचारतात, हे काही दिवस न्यायदालनात बसणाऱ्या कोणालाही दिसते. तीच नोंद अशी लिहिता आली असती : "आरोपपत्र दाखल झाल्यावर कोठडीची गरज काय, असा न्यायमूर्तींचा सरकारी वकिलांना प्रश्न. युक्तिवाद सुरू. आदेश अद्याप नाही." शेवटचे तीन शब्द कंटाळवाणे वाटले तरी ते प्रत्येक वेळी लिहावेत, कारण नोंद एकटी फिरते, तिच्या मागची-पुढची नोंद तिच्यासोबत जात नाही.

मीही सुरुवातीच्या काळात ही चूक केली आहे. वकिलांनी वाचून दाखवलेला आधीच्या एका निकालातला उतारा मी न्यायमूर्तींचे म्हणणे म्हणून लिहिला होता. मागच्या बाकावर आवाज नीट पोहोचत नव्हता आणि मी शेजारच्या वकिलांना विचारण्याऐवजी अंदाज केला. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वक्ता लिहायचा आणि वक्ता नक्की नसेल तर ती ओळ सोडून द्यायची, हा नियम मी पाळतो.

क्रियापदांकडेही लक्ष द्यायला हवे. आपल्या मराठी बातम्यांत न्यायालय सतत कुणाला तरी "खडसावते", "फटकारते", "चपराक लगावते" किंवा "कान उपटते". न्यायमूर्तींनी साधी विचारणा केली असेल तर "विचारले" हेच क्रियापद योग्य असते. "ताशेरे ओढले" हे शब्द खरोखर लेखी आदेशात कठोर मत नोंदवले गेले असेल तेव्हासाठी राखून ठेवावेत. प्रक्रियेच्या शब्दांतही गल्लत होते आणि ती अधिक घातक असते. सुनावणी तहकूब होते आणि आदेशाला स्थगिती मिळते. "सुनावणी स्थगित" असे घाईत लिहिले की निम्मे वाचक त्याचा अर्थ स्थगिती मिळाली असा घेतात. नोटीस काढली याचा अर्थ समोरच्या पक्षाला उत्तर द्यायला सांगितले एवढाच असतो, त्याने कोणाचे म्हणणे मान्य होत नाही. याचिका दाखल करून घेणे म्हणजे ती जिंकणे नव्हे आणि निकाली काढणे म्हणजे दर वेळी फेटाळणे नव्हे. खटला चालण्याआधीच आरोपातून वगळले जाणे ही दोषमुक्ती आणि पुरावा तपासून झाल्यावर सुटका होणे ही निर्दोष मुक्तता, हा फरक ज्याच्या नावावर खटला आहे त्याच्यासाठी फार मोठा असतो.

निकालाच्या पहिल्या परिच्छेदावर बातमी देणे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०१२ रोजी आरोग्य विम्याच्या कायद्यावर निकाल दिला. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही तरतूद आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली टिकत नाही, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी आधी सांगितले आणि पुढे तीच तरतूद कर लावण्याच्या अधिकाराखाली वैध ठरवली. सीएनएन आणि फॉक्स न्यूज या दोन्ही वाहिन्यांनी पहिला भाग पाहून तरतूद रद्द झाल्याचे जाहीर केले आणि काही मिनिटांत त्यांना ते मागे घ्यावे लागले. वाचलेले शब्द खरे होते, पण निकाल उलटा होता.

आपल्याकडेही अशी जोखीम वारंवार येते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपले निकालपत्र आधी वाचले. अशा जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता आणि मूल दत्तक घेण्याचा हक्क यांच्या बाजूने असलेले ते आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात होते. बाकीच्या तीन न्यायमूर्तींचे मत वेगळे होते आणि तेच न्यायालयाचे मत ठरले. पहिले निकालपत्र ऐकत लिहिणाऱ्याने "न्यायालय" हा शब्द वापरला असेल, तर अर्ध्या तासात त्याचे लिखाण चुकीचे ठरले. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावरील ११ मे २०२३ चा निकाल एकमताचा होता, तरी त्यातही हीच अडचण होती. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवल्यानंतर, उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वीची स्थिती आणता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. पहिले वाक्य एकट्याने पाठवले तर वाचकाला एकनाथ शिंदे यांचे सरकार जाणार असे वाटते.

यावर उपाय असा, की अनेक न्यायमूर्तींचे पीठ असेल तर निकालपत्रे किती आहेत हे आधी लिहावे, जो वाचत आहे त्याचे नाव द्यावे आणि आदेशाचा अंतिम भाग वाचून होईपर्यंत "न्यायालयाने ठरवले" हे शब्द वापरू नयेत. दुसऱ्या कोणी आधी बातमी दिली तरी चालेल; वाचक पाच मिनिटांचा उशीर विसरतात, उलटी बातमी विसरत नाहीत.

साक्षीदार बाहेर बसलेला असतो

फौजदारी खटल्यात ज्यांची साक्ष व्हायची आहे त्यांना न्यायदालनाबाहेर थांबवतात, कारण आधीच्या साक्षीदाराने काय सांगितले हे ऐकून कोणी आपली जबानी जुळवून घेऊ नये. ही व्यवस्था भिंतीवर उभी होती आणि आपल्या हातातला मोबाइल ती भिंत ओलांडतो. उलटतपासणीत पहिला साक्षीदार वेळेच्या मुद्द्यावर अडखळला, साडेनऊ की साडेदहा हे त्याला सांगता आले नाही, असे आपण लिहिले आणि बाकड्यावर बसलेल्या दुसऱ्या साक्षीदाराने ते वाचले, तर आत गेल्यावर तो वेळ ठामपणे सांगेल किंवा तो प्रश्न येणार म्हणून तयार राहील. दोन्ही परिस्थितींत खटल्याची हानी झालेली असते आणि ती कधी कुणाला कळतही नाही. इंग्लंडमध्ये विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्या जामिनाच्या वेळी, डिसेंबर २०१० मध्ये, न्यायदालनातून ट्वीट करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्या वर्षी तिथल्या सरन्यायाधीशांनी मार्गदर्शक सूचना काढून पत्रकारांना परवानगी मोकळी केली, तेव्हा फौजदारी खटल्यातल्या साक्षीदारांचा हा धोका त्यांनी आवर्जून नोंदवला.

म्हणून उच्च न्यायालयातला युक्तिवाद आणि सत्र न्यायालयातली साक्ष यांना एकच पद्धत लावू नये. साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर साक्षीचा तपशील साक्षीदार पिंजऱ्यातून उतरल्यावर आणि शक्य असेल तर त्याच घटनेचे पुढचे साक्षीदार होऊन गेल्यावर द्यावा. दरम्यान "उलटतपासणी सुरू आहे" एवढे पुरेसे असते. यात वेग जातो हे मला मान्य आहे, पण हा वेग आपला नसून कोणाच्या तरी न्याय्य खटल्याच्या हिश्शातून घेतलेला असतो.

तोंडी मनाईकडे दुर्लक्ष करणे

मनाईचा आदेश लेखी असेल तरच बंधनकारक, हा समज चुकीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या एका बदनामीच्या दाव्यात, आपल्या जबानीच्या बातम्यांमुळे व्यवसायाचे नुकसान होते, असे साक्षीदाराने सांगितल्यावर न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती जबानी छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते फेटाळले. वार्तांकन काही काळ पुढे ढकलण्याचा न्यायालयांचा अधिकार २०१२ च्या सहारा-सेबी प्रकरणात घटनापीठानेही मान्य केला आहे. त्यामुळे उशिरा पोहोचलेल्या बातमीदाराने पहिली नोंद टाकण्याआधी सकाळपासून काही मनाई झाली आहे का, हे न्यायालयातील कर्मचाऱ्याला किंवा दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारलेच पाहिजे. बाहेर रस्त्यावर उभे राहून केलेले प्रक्षेपणही मनाईतून सुटत नाही. मे २०१८ मध्ये इंग्लंडमधील लीड्सच्या न्यायालयाबाहेरून, वार्तांकनाला मनाई असलेल्या खटल्याबद्दल फेसबुकवर थेट बोलणारे तिथले उजव्या विचारसरणीचे कार्यकर्ते टॉमी रॉबिन्सन अखेर जुलै २०१९ मध्ये अवमानाचे दोषी ठरले.

न्यायालयाचा अवमान कायदा, १९७१ च्या कलम ४ नुसार न्यायालयीन कामकाजाचा रास्त आणि अचूक वृत्तांत हा अवमान ठरत नाही. पण हे संरक्षण कलम ७ च्या अधीन आहे, म्हणजे बंद दाराआडच्या कामकाजाला ते तसेच्या तसे लागू होत नाही. इन कॅमेरा सुनावणीत नेमके काय घडले हे बाहेर आलेल्या वकिलाकडून ऐकून लिहिणे हा चुकीचा मार्ग आहे. वैवाहिक दाव्यांत तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ प्रसिद्धीलाच मनाई करते.

ओळख तुकड्यातुकड्यांनी उघड होते

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव कोणी जाणता बातमीदार लिहीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, हे सर्वांना माहीत असते. चूक निराळ्या ठिकाणी होते. सकाळी अकराच्या नोंदीत आरोपी पीडितेचा नात्याने कोण लागतो हे येते, साडेअकराच्या नोंदीत आरोपीचे पूर्ण नाव येते आणि बाराच्या नोंदीत वकिलांच्या तोंडून गावाचा उल्लेख येतो. एकेक नोंद निर्दोष वाटते, पण खालून वर वाचणाऱ्याला मुलगी कोण हे कळून चुकते. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नावाबरोबर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा आणि परिसर यांचाही उल्लेख आहे तो याचसाठी. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाच्या बाबतीत बाल न्याय कायद्याचे कलम ७४ असेच संरक्षण देते. अशा प्रकरणांत मुळात थेट नोंदी करू नयेत असे माझे मत आहे. न्यायालयाने परवानगी दिली असेल तर संध्याकाळी एकच वृत्तांत लिहावा, आणि इतर माध्यमांनी कोणता तपशील आधीच दिला आहे हे पाहून आपला तपशील त्याच्याशी जुळून ओळख उघड होत नाही ना, याची खात्री करावी.

दृश्ये उचलणे

न्यायदालनात परवानगीशिवाय छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण करू नये, हे सांगायची गरज नसावी. कमी लक्षात येणारी गोष्ट थेट प्रक्षेपणाची आहे. २०१८ च्या स्वप्निल त्रिपाठी निकालानंतर प्रक्षेपणाचा मार्ग खुला झाला, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या २०२१ च्या नमुना नियमांत अधिकृत व्यक्तीखेरीज कोणीही हे प्रक्षेपण मुद्रित करू नये किंवा पसरवू नये, असे म्हटले आहे. उच्च न्यायालयांचे नियम वेगवेगळे असल्याने, चाळीस सेकंदांची चित्रफीत कापून टाकण्याआधी त्या न्यायालयाचा नियम वाचावा.

चूक झालीच तर

चुकीची नोंद गुपचूप काढून टाकणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण तिचे स्क्रीनशॉट फिरतच राहतात आणि त्यांना उत्तर देणारे काहीच उरत नाही. मूळ नोंदीलाच जोडून, पहिल्याच शब्दात "दुरुस्ती" असे लिहून, आधी काय लिहिले होते आणि प्रत्यक्षात काय घडले हे दोन वाक्यांत सांगावे. पीडितेची ओळख उघड झाली असेल किंवा मनाई मोडली असेल तर मात्र नोंद त्या क्षणी काढावी, दुरुस्तीत तो तपशील पुन्हा लिहू नये आणि संपादकांना तसेच संस्थेच्या वकिलांना लगेच कळवावे. आपल्या बातमीवरून इतरांनी तीच चूक उचलली असेल तर त्यांनाही स्वतः कळवणे हे आपलेच काम आहे.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी स्वाक्षरी झालेला आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतो. तो उघडून आपल्या नोंदींशी ओळीओळीने ताडून पाहावा आणि त्याचा दुवा त्याच मालिकेच्या शेवटी जोडावा. सुनावणीत गाजलेला शेरा आदेशात आलाच नसेल, तर तेही तिथेच लिहावे.