चारशे नव्व्याण्णवचं जेवण, हिशेबासकट

पहिल्यांदा गेलो तेव्हा बिल आलं १,६८४ रुपये. आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी जाऊ. नागपुरात धरमपेठेतल्या त्या हॉटेलाच्या दारावर पाटी होती: दुपारचा फिक्स मेनू (ठरावीक पदार्थांचं जेवण ठरावीक दरात), माणशी ४९९. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण दारात उभी राहून मी ४९९ दुणे ९९८ एवढंच केलं. बाहेर आल्यावर जाऊ म्हणाली, "काहून वो ताई, अशा गणिताला तुम्ही पोरांचे किती मार्क कापायच्या?"

घरी येऊन बिल उलगडलं. जेवण ९९८. पाण्याच्या दोन बाटल्या १८०. दोन लाइम सोडा २८०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. नुसतं जेवलो असतो तर करासकट १,०४८ मध्ये भागलं असतं. वरचे ६३६ रुपये पाणी, सोडा आणि संकोच यांत गेले.

तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यातून आम्ही एक फिक्स मेनू खाऊन येतो आणि फसत नाही.

निघायच्या आधी फोन करा. ही सवलत बहुतेक ठिकाणी सोमवार ते गुरुवार, दुपारी बारा ते तीन अशी असते. शनिवारी पोरंबाळं घेऊन गेलात तर समोर नेहमीचं मेनूकार्ड येतं. टेबलावरच्या सगळ्यांनी फिक्स मेनूच घ्यावा लागतो का, तेही विचारा. किंमत करासकट आहे का? पाणी किंवा सरबत त्यात धरलंय का? मोबाइलच्या ॲपवरची सूट यावर चालते का? शेवटच्याचं उत्तर बहुधा 'नाही' असतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

कराचं नीट समजून घ्या. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. पण खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे तिथला ९९९ चा बुफे माणशी जवळजवळ ११७९ ला पडतो. उलट कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं स्वतःच कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापावं लागतं. वाचत जा, मास्तरणीचं ऐका.

आता खरा प्रश्न: स्वस्त पडतं का? नेहमीच्या मेनूकार्डचा फोटो काढा आणि तुम्ही एरवी जे मागवलं असतं तेवढ्याचीच बेरीज करा. हॉटेलवाले सूप, स्टार्टर, भाजी, रोट्या, भात, गोड असं सगळं जोडून 'अकराशेचं जेवण ४९९ मध्ये' म्हणतात. पण आपण मराठी माणसं असं जेवतो का? आम्ही दोघी एक स्टार्टर (३२०), एक भाजी (३६०), चार रोट्या (१६०) आणि एक भात (२२०) वाटून खातो. झाले १,०६०, म्हणजे माणशी ५३०. फिक्स मेनूनं वाचले ३१ रुपये. सूप आणि गुलाबजाम खरंच हवे असतील तर सौदा चांगला, नाहीतर बरोबरीत सुटला. आणि घरात कमी जेवणारं म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल, तर माणशी दरात तोटाच.

मग जायचं कशाला? ज्या हॉटेलात एरवी पाय ठेवला नसता, तिथल्या आचाऱ्याचा हात कसा आहे ते बघायला. म्हणून पदार्थ तसे निवडा. दाल तडका आणि जिरा राइस घ्यायला घर सोडायची गरज नाही. दोघींनी प्रत्येक वेळी वेगळा पर्याय घ्यायचा, म्हणजे तीन फेऱ्यांत सहा चवी कळतात. 'सावजी पनीर' असं काही दिसलं तर पुढच्या ओळीवर जा; हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेलं ते झणझणीत जेवण खायचं तर महाल-इतवारीकडच्या भोजनालयात बसावं, रुमाल घेऊन.

ही सवलत देतात काहून, तेही सांगते. दुपारी भट्टी पेटलेली असते, पोरांचा पगार चालू असतो, खुर्च्या मात्र रिकाम्या. मोजकेच पदार्थ असले की तयारी आधी होते, माल वाया जात नाही. जेवणावर सोडलेला पैसा पेयांवर भरून निघतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली रेस्टॉरंट वीक, म्हणजे हॉटेलांनी मिळून फिक्स दरात जेवण द्यायचा उपक्रम, सुरू झाला तेव्हा दुपारच्या जेवणाचा दर १९.९२ डॉलर ठेवला होता. साल तेच दर! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की भर दुपारी कोण बाहेर पडतं? तेव्हाच जा. आम्ही सुभाष नगरहून मेट्रो धरतो, शंकर नगर चौकात उतरतो, आणि दोन तास त्यांच्या एसीत बसतो. ते मी माझ्या हिशेबात धरते.

बसल्या बसल्या वेटर विचारेल, "मॅडम, बॉटल आणू?" हसून म्हणा, "भाऊ, साधं पाणी आणा." बाटलीच्या छापील किमतीवरून भांडू नका. जाऊ एकदा भांडली होती, मीच तिला गप्प केलं. हॉटेलात बसून पिण्याच्या बाटलीला एमआरपीचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय.

सर्व्हिस चार्जचं मात्र उलट. तो आपोआप बिलात घालायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. "एवढी ओळ काढून बिल परत द्या" म्हणायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही. अडून बसलेच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्या पोराच्या हातात मात्र आपल्या खुशीनं काहीतरी ठेवा, त्याचा यात दोष नसतो.

मागच्या मंगळवारी बिल आलं १,०४८. जाऊनं चष्मा लावून ते दोनदा तपासलं, मग मूठभर बडीशेप घेतली, आणि वेटरला विचारलं, "भाऊ, सरबत फुकट कोणत्या वारी असते?"