वाडीत कॉटेज बांधताय? आधी विहिरीत डोकावा

दापोलीकडे आंब्या-नारळाची वाडी असलेल्या घरांत हा विषय हल्ली निघतोच. मागच्या बाजूला दोन खोल्या काढू, मुंबई-पुण्याची माणसं येतील, चार पैसे सुटतील. आमच्याकडेही तो असाच निघाला आणि आज आमच्या वाडीत दोन कॉटेज उभी आहेत. पाहुणे येतात, त्यातले बरेचसे पुन्हा येतात. ज्यांच्या मनात हे घोळतंय त्यांनी जरूर करावं, असंच मी सांगेन. फक्त बहुतेक जण सुरुवात खोलीच्या नकाशापासून करतात. तुम्ही विहिरीपासून करा.

कोकणात पाऊस बक्कळ, पण जांभ्या खडकातून पाणी झिरपतं आणि उताराने समुद्राला मिळतं. पाहुण्यांचा भर असतो दिवाळी, नाताळ आणि मग एप्रिल-मे. शाळांना सुट्टी आणि झाडाला आंबा असतो, तेव्हाच विहीर तळ गाठते. समुद्रावरून आलेला माणूस अंगावरची वाळू काढायला पुन्हा आंघोळ करतो. माणशी दीडशे लिटर धरलं तर चार जणांना रोज सहाशे लिटर लागतं, शिवाय चादरी-टॉवेल धुणं आणि कलमांचं शिंपणं वेगळं. आमच्या सासूबाई अक्षय्य तृतीयेच्या सुमारास विहिरीत डोकावून कुठली पायरी उघडी पडलीय ते बघतात. मेच्या शेवटच्या आठवड्यांचं बुकिंग घ्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. "दोन खोल्यांपुरतं पाणी आहे गो, तिसरीचं नाव काढू नको," असं त्यांनी सांगितलं, म्हणून तिसरी बांधलेली नाही. टँकर मागवून पाहुणे ठेवले तर नफा टँकरवाल्याचा होतो आणि शेजारच्या घरांना आपल्यामुळे पाणी कमी पडतं, हे तर त्याहून वाईट. सेप्टिक टँकचा शोषखड्डाही विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्यात घाणही पाण्यासारखीच पसरते.

आता एका कॉटेजच्या पैशांचं बोलू. वर्षाचे ५२ शनिवार-रविवार, दोन-दोन रात्री धरल्या तर १०४. जून ते सप्टेंबरच्या तीसएक रात्री वजा केल्या तर उरल्या सत्तरच्या आसपास. त्यातल्या ४५ भरल्या आणि सुट्ट्यांमधल्या मधल्या वारांच्या २५ मिळाल्या, तर वर्षाला ७० रात्री होतात. हे प्रमाण चांगलं समजा. रात्रीचा दर २,५०० रुपये धरला तर १,७५,००० रुपये जमा. यातून बुकिंग ॲपचं कमिशन, वीज, गॅस, धुलाई, साफसफाईच्या बाईंचा पगार, पावसाआधीची डागडुजी जाऊन निम्मे हातात राहिले तरी ठीक. आता आठ लाख खर्चून कॉटेज बांधलं आणि ते पैसे दहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचं व्याजच ८०,००० रुपये. म्हणजे वर्षभर राबून साडेसात हजार सुटले, मुद्दल अजून तसंच. म्हणून हाताशी असलेल्या पैशात एकच कॉटेज बांधा, एक आख्खं वर्ष चालवा, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. घरात जुनी पडवी किंवा माडी रिकामी असेल तर तीच आधी नीट करा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला लोक येतात, तिथे गावकऱ्यांनी पाहुणे आपल्या राहत्या घरांतच उतरवले. नवीन बांधकामाशिवाय उत्पन्न सुरू होतं, ते असं.

कागदपत्रांत आमच्याकडची खरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. आजोबांच्या भावंडांची, मुंबईला गेलेल्या चुलत्यांची नावं सामायिकात चढलेली असतात. जागा आपण कसतो म्हणून आपलीच, असं मनात धरून पाया खणू नका. वाटप करून घ्या, निदान सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. कॉटेज चालायला लागल्यावर काकांना हिस्सा आठवतो, आणि तो त्यांचा हक्कच असतो. किनाऱ्याजवळची वाडी असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) रेषा कुठून जाते, ते बांधकामाच्या परवानगीआधी बघून घ्या. शेतकऱ्यांसाठी राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. त्यात निदान एक एकर शेती लागते आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जागा त्याहून कमी असेल तर निवास व न्याहारी योजनेची चौकशी करा. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी हवीच. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि ॲपवरून आलेल्या बुकिंगचा कर ॲपवालेच भरतात. आणखी एक, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून खोलीभाडंही त्यातच बसेल, असं समजू नका. ते बसत नाही.

बांधकामात इंटरनेटवर दिसणाऱ्या लाकडी केबिनच्या मोहात पडू नका, ही माझी कळकळीची विनंती. इथल्या दमट हवेत प्लायवूड फुगतं आणि वाळवी दार सोडत नाही. कंटेनरची खोली मे महिन्यात तापते. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे बसायला पडवी; पाहुणेही त्याच पडवीसाठी येतात. वानरं कौलं उलथतात, त्यांचा बंदोबस्त मात्र आधीच करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली छपरं आणि माड-पोफळी कशा आडव्या झाल्या ते बघितल्यापासून, कॉटेजवर कलता माड किंवा वाळकी फांदी आम्ही ठेवत नाही.

जेवणाबद्दल थोडं ठासून सांगते. पाहुण्यांना घावन-चटणी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मोदक द्या. पनीर त्यांना त्यांच्या गल्लीतही मिळतं. पण हे सगळं रांधणार कोण, हे बांधायच्या आधी घरात बसून ठरवा. बहुतेक ठिकाणी कॉटेज दादाचं असतं आणि पहाटे पाचला चुलीपुढे वहिनी असते. आमच्याकडे जेवणाचा दर वेगळा लावतो आणि ताटामागची मजुरी रांधणाऱ्या बाईच्या खात्यात थेट जाते, मग ती घरची सून असो की वाडीतली मदतनीस. हे सुरू झाल्यापासून "आज पाहुणे नकोत, मला बरं नाही" असं म्हणायची मोकळीकही आली, कारण काम तिचं आणि हिशोबही तिचा. तुमच्याकडे हे जमत नसेल तर नुसत्या खोल्या द्या आणि जेवणासाठी गावातल्या खानावळीचा नंबर द्या. त्यात काहीच कमीपणा नाही.

पहिला हंगाम ओळखीपाळखीच्या माणसांना कमी दरात बोलवा आणि त्यांना आडपडदा न ठेवता बोलायला सांगा. गीझरचं पाणी किती वेळात तापतं, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा किती तास चालतो, रात्री बाथरूमच्या दिव्याला किती किडे जमतात, हे तेच सांगतील. नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मे महिन्यातली तारीख कोणालाही लिहून देऊ नका, अगदी नात्यातल्यांनासुद्धा.