मोटारसायकलचा सेल्फ लागत नसेल तर दोष कसा शोधावा

रात्रभर पावसात भिजलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, म्हणून अनेक जण थेट नवी बॅटरी आणतात आणि चार दिवसांनी पुन्हा तिथेच येतात. बॅटरी बदलण्यापूर्वी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घेऊन पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे बटण), न्यूट्रलचा दिवा आणि साइड स्टँड पाहावा, कारण अनेक गाड्यांमध्ये गिअर पडलेला असताना स्टँड खाली असल्यास किंवा क्लच दाबलेला नसल्यास सेल्फचा प्रवाह मुद्दाम तोडलेला असतो. एकदा सीट उघडून बॅटरी बाहेर काढल्यावर मला कळले होते की, कव्हर घालताना किल स्विच दाबला गेला होता.

आता बटण दाबून नीट ऐकावे. भराभर ‘कटकट’ असा आवाज येत असेल, तर रिले (बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फच्या मोटारीकडे सोडणारा विद्युत स्विच) ओढला जाताच मोटारीच्या भारामुळे व्होल्टेज कोसळते, रिले सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक’ ऐकू येऊन मोटार फिरत नसेल, तर रिलेचे आतले संपर्क जळालेले, जाड वायर सैल झालेली किंवा मोटारीचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजलेले असू शकतात. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा आणि बटण दाबल्यावर रिलेच्या बारीक वायरींवर १२ व्होल्ट येतात का ते मोजावे. मोटार जोमात फिरूनही इंजिन धरत नसेल, तर सेल्फ ठीक आहे; प्लग आणि पेट्रोलकडे वळावे.

मोजमाप करताना मल्टीमीटरच्या पिना वायरीच्या क्लिपवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवाव्यात. गाडी काही तास उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १२.४ पेक्षा कमी असतील, तर आधी चार्ज करावे. मात्र खरी परीक्षा बटण दाबलेले असतानाच होते. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर एरवी १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा निकामी समजावी. उलट आकडा जवळजवळ हललाच नाही, तर वीज मोटारीपर्यंत पोहोचतच नाही.

मोटार रखडत का होईना फिरत असेल, तर एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबावे. येथे ०.३ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसल्यास अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-चेसिसपर्यंतच्या जोडात) गंज आहे, आणि दमट किनारपट्टीवर हा दोष फार आढळतो. जोड सोडून पॉलिश पेपरने चकचकीत घासावेत. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढावी, नाहीतर पॉझिटिव्हला लावलेला पाना चेसिसला टेकून मोठी ठिणगी उडते. जोडताना ती शेवटी लावावी.

इंजिन सुरू झाल्यावर चार-पाच हजार आरपीएमवर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा साडेबारावरच अडकला, तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा स्टेटर (इंजिनमधील वीज तयार करणारी कॉइल) तपासून घ्यावा, आणि पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बदलेपर्यंत नवी बॅटरी बसवू नये.