घारापुरी पाहायची तर कोणत्या क्रमाने?

घारापुरीची सहल भायखळ्यापासून सुरू करावी, असे माझे मत आहे. तेथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. १५३४ मध्ये घारापुरीचे बेट गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले आणि किनाऱ्याजवळ दिसलेल्या याच हत्तीवरून त्यांनी त्याला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये हत्ती इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन तुटून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून त्याला मुंबईतच ठेवले गेले.

लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा दुसरा वार निवडून गेटवेवरून सकाळची पहिली लाँच पकडावी. तासाभरात शेतबंदरच्या धक्क्याला उतरता येते. राजधानीसमोरचे हे बेट मोडते मात्र रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. धक्क्यावर छोटी रेल्वे आहे, पण चालत जाणे बरे. पुढे दुकानांच्या रांगांमधून सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. हातात खाण्याचे काही उघडे ठेवू नये, माकडे ते ओढून नेतात.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात उत्तरेकडून शिरल्यावर लगेच छायाचित्रे काढू लागण्याऐवजी डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. मग समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिवाची प्रचंड मूर्ती हळूहळू उलगडते: आपल्या डाव्या हाताला मिशा असलेला उग्र भैरव, मधोमध मिटल्या डोळ्यांचा शांत तत्पुरुष आणि उजवीकडे हातात कमळ घेतलेला कोमल वामदेव. हिला सरसकट त्रिमूर्ती म्हणतात, परंतु येथे ब्रह्मा-विष्णू नाहीत. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. तिच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर आहे. त्यानंतर कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचा विवाह, पाहून त्याच्यासमोरच्या अंधकासुरवधाकडे वळावे. लाजेने किंचित झुकलेली वधू आणि क्रोधाने दात विचकणारा शिव यांतले अंतर काही पावलांचेच आहे.

हे लेणे कोणी खोदवले, हे सांगणारा शिलालेख येथे नाही. पोर्तुगिजांनी एक लेख काढून आपल्या राजाकडे धाडला आणि तो पुढे गहाळ झाला, असे त्यांच्याच इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्यामुळे शैली आणि बेटावर सापडलेली नाणी यांच्या आधारे अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्याकडे आणि कलचुरी राजा कृष्णराजाकडे बोट दाखवतात. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

बहुतेक लोक येथूनच परत फिरतात. वेळ असल्यास पूर्वेकडच्या टेकडीवरील विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि पश्चिमेच्या माथ्यावरील इंग्रजी अमदानीतल्या तोफा पाहाव्यात.

उतरताना शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांपैकी एका तरी वस्तीत चक्कर मारावी. समोर न्हावा-शेव्याचे बंदर रात्रभर झगमगत असताना येथे संध्याकाळी काही तास डिझेलच्या जनित्रावर दिवे लागत. समुद्रतळावरून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. चहाच्या टपरीवर बसून त्याआधीच्या दिवसांबद्दल विचारावे. पण परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवलेली असावी.