लाभपंचमीला साइट लाइव्ह करायची असेल तर

बडोद्यात दुकान असो, पेढी असो की मकरपुऱ्यातला कारखाना, नव्या वेबसाइटसाठी मालकाच्या मनात एकच दिवस असतो: लाभपंचमी. दिवाळीत बंद झालेली पेढी त्या दिवशी उघडते, नव्या वर्षाचं काम सुरू होतं, आणि "साइट पण त्याच मुहूर्ताला हवी" असं गणपतीतच सांगून ठेवलेलं असतं. दांडिया बाजारातल्या आमच्या चार जणांच्या स्टुडिओत दर वर्षी अशी तीन-चार कामं येतात. नव्याने स्टुडिओ काढणाऱ्यांनी यंदा तयारी कशी करावी असं विचारलं, म्हणून आमच्याकडे जे ठरलेलं आहे ते लिहून काढते आहे.

पहिलं काम पंचांग समोर ठेवण्याचं. अनंत चतुर्दशीपासून लाभपंचमीपर्यंत साधारण ५० दिवस दिसतात, पण ते हातात नसतात. पहिले १५ दिवस पितृपक्षाचे. त्या दिवसांत इथे कुणी नव्या कामावर सही करत नाही आणि ॲडव्हान्सही देत नाही, मराठी घर असो वा गुजराती. पुढे नवरात्र. बडोद्याची रात्र गरब्यात जाते, आणि सकाळी अकराच्या आत ना आमची मुलं जागेवर असतात, ना क्लायंटकडची. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत जे सतरा-अठरा दिवस उरतात, तेवढेच खरे कामाचे. त्यानंतर लाभपंचमीपर्यंत फोन कुणी उचलत नाही, कारण सगळं गाव बाहेरगावी गेलेलं असतं. म्हणून "लाभपंचमीला लाइव्ह" याचा आमचा अर्थ "धनत्रयोदशीला तयार" असा असतो, आणि कोटेशनवर तीच तारीख लिहितो. सही आणि ॲडव्हान्स गणपती उठायच्या आत. पितृपक्ष मात्र वाया घालवायचा नाही. जुने फोटो शोधणं, जुन्या किंमतयाद्या काढणं, लॉगिन गोळा करणं याला कुणी नवं काम म्हणत नाही, त्यामुळे त्याला कुणाची हरकतही नसते. आमच्या पन्नास दिवसांतले सर्वांत उपयोगी पंधरा दिवस तेच ठरले आहेत.

कोटेशनचा कागद एका पानाचा असावा, पण त्यात काही गोष्टी सुटता कामा नयेत. पानं किती, भाषा किती, करेक्शनच्या फेऱ्या किती, मजकूर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. आम्ही दोन फेऱ्या धरतो, तिसरीपासून वेगळे पैसे. शेवटचा हप्ता "साइट लाइव्ह झाल्यावर" असा कधीही लिहू नका. मजकूर त्यांच्याकडून यायचा असतो, तो सहा महिने आला नाही तर साइट लाइव्ह होत नाही आणि तुमचे पैसेही अडकतात. हप्ता डिझाइन मंजूर झाल्याच्या तारखेला बांधा. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळे हे ठळक लिहा. सेवेच्या कामात ॲडव्हान्स हाती आला की त्यावरही कर भरावा लागतो, हे पहिल्या वर्षी अनेकांच्या लक्षात येत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती आधी करून घ्या आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मोठ्या कंपनीचा अकाउंट्सवाला तो क्रमांक पाहिला की बिल बाजूला ठेवत नाही.

हक्कांचं कलम दोन ओळींचं असतं, पण ते नीट लिहा. कामाचे पैसे दिले म्हणजे डिझाइन आपोआप क्लायंटचं झालं असं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देण्यासाठी लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर तो हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. आमच्याकडे चित्रं काढायला फाइन आर्ट्सची मुलं येतात. त्यांच्याशी आधी असाच कागद करतो, म्हणजे पुढे क्लायंटला हक्क देताना आमच्या हातात ते असतात. त्या मुलांचं नाव साइटवर खाली द्यायचं हेही त्याच कागदात लिहितो, आणि देतोच.

आता डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. माझं सर्वांत जास्त मन याच्यात आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होताना पाहिलं. एक काका आमच्याकडे आले, वडिलांच्या वेळेपासूनचा धंदा, डोमेनही जुनं. ते ज्याच्याकडून करून घेतलं होतं त्याने स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर नोंदवलेलं, आणि तो शहर सोडून गेलेला. काकांच्या प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक रिक्षामागच्या जाहिरातीवर ते नाव छापलेलं होतं, पण कागदोपत्री ते त्यांचं नव्हतंच. माणूस सापडून डोमेन हातात यायला अडीच महिने गेले, आणि तो दिवाळीचा मोसम त्यांच्या हातून गेला. म्हणून आमच्याकडे नियम आहे: डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या फोनवर ओटीपी येईल असं. स्टुडिओला फक्त काम करण्यापुरता वेगळा प्रवेश. पहिल्या बैठकीतच रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्यात लॉगिन करून दाखवा म्हणायचं. "भाचा बघतो ते" असं उत्तर आलं तर भाच्याला त्याच बैठकीतून फोन लावायचा.

डोमेन संपण्याची तारीख दोन ठिकाणी लिहा, मालकाच्या कॅलेंडरमध्ये आणि तुमच्या. "ऑटो रिन्यू लावलंय" यावर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी नोंदवलेली संमती लागते, आणि परदेशी होस्टिंग कंपनीकडे (जिच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते) ती सोय नसेल तर व्यवहार नाकारला जातो. सूचना एका ईमेलवर येते, जो कुणी उघडत नाही. आम्ही डोमेन एकदम तीन वर्षांचं घ्यायला सांगतो.

मजकुराची तयारी ही खरं तर क्लायंटची, पण त्यांना ती करायला लावणं आपलं काम. "अबाउट अस" लिहून पाठवा म्हटलं की महिनाभर काही येत नाही. त्याऐवजी दुकानात जाऊन बसा, चहा घ्या, आणि फोनवर रेकॉर्ड करत विचारा: पहिला गिऱ्हाईक कोण होता, कोणता माल सर्वांत आधी संपतो, लोक फोन करून रोज काय विचारतात. तासाभरात तीन पानांचा मजकूर मिळतो, आणि तो त्यांच्या बोलण्यातला असतो. लोक रोज जे विचारतात तेच साइटच्या पहिल्या पानावर हवं. फोटो व्हॉट्सॲपवर आले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते लहान होऊन येतात आणि पहिल्या पानावर फुटतात. लोगोची मूळ फाइल बहुतेकदा पाटी रंगवणाऱ्याकडे किंवा प्रेसवाल्याकडे असते, मालकाकडे नसते. रावपुऱ्यातल्या प्रेसमध्ये स्वतः जाऊन पेनड्राइव्हवर आणलेली आहे.

प्रेसमधून मजकूरही येतो, आणि तिथे सांभाळायचं असतं. तो बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना वाचता येणारं अक्षरांचं प्रमाण सांकेतन) नसलेल्या फाँटमध्ये असतो. साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो, म्हणून कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि कन्व्हर्टर सरळ चुकत नाही, बारीक चुकतो. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. घरगुती फराळ विकणाऱ्या एका काकूंची साइट आम्ही केली. मराठी, गुजराती दोन्ही. मला सगळं नीट वाटलं होतं. काकूंनी चष्मा लावला, फोन हातात धरला, बोट एका शब्दावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे 'खार्या शंकरपाळ्या' काय आहे गं? 'खाऱ्या' लिही. असं वाचलं तर लोकांना वाटेल चवही अशीच अडखळती." त्या शब्दातल्या अर्ध्या र चा कन्व्हर्टरने रफार केला होता, आणि आम्ही चार जणांनी चार वेळा वाचूनही तो दिसला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक भाषेचा मजकूर ती भाषा घरात बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो. गुजराती पान गुजराती माणसाकडूनच. बडोद्याचे आपण मराठी लोक गुजराती फडाफडा बोलतो, पण लिहिण्यातल्या चुका आपल्याला कळतातच असं नाही.

फाँट निवडताना दोन्ही लिप्या शेजारी ठेवून बघा. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे एकाच मापात देवनागरी जड आणि गुजराती हलकी दिसते. एकाच घराण्याचे फाँट घेतले की हे बरंच सुटतं. मुक्ता देवनागरीला आणि मुक्ता वाणी गुजरातीला, दोन्ही मोफत आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, आणि बटणांत उकार, ऋकार, जोडाक्षरं घालून बघा. खालचा उकार कापलेलं बटण आम्ही एकदा तसंच पाठवलं होतं, ते क्लायंटच्या आधी त्यांच्या नातीला दिसलं.

विक्रीची साइट असेल तर पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) अर्ज मजकुराच्या आधी करा. पॅन, बँक खात्याचा पुरावा, जीएसटीचा कागद हे सगळं लागतं, आणि साइटवर परतावा, रद्द करणं, माल पोचवणं, गोपनीयता, संपर्क अशी पानं दिसल्याशिवाय ते मंजुरी देत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर हा अर्ज अडकला की काही करता येत नाही. पाकीटबंद खाद्यपदार्थ असतील तर किंमत, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पानावर हवा. काकूंच्या चिवड्याच्या पानावर आम्ही ते फोटोखालीच दिलं, म्हणजे शोधावं लागत नाही.

साइट हलवण्याच्या आदल्या दिवशीची तयारी शब्दशः पाळा. जुन्या डीएनएसमधल्या (डोमेनची साइट आणि ईमेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणारी यादी) सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या, आणि एमएक्स रेकॉर्डवर खूण करा, कारण ईमेल त्याच्यावर चालतो. मी हे एकदा केलं नाही. मकरपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याची साइट शुक्रवारी संध्याकाळी हलवली, नेमसर्व्हर (ही यादी जिथे राहते ते सर्व्हर) बदलले, साइट सुंदर उघडली, आम्ही घरी गेलो. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला की शुक्रवारपासून एकही ईमेल आलेला नाही. परदेशातून यायची चौकशी त्या तीन दिवसांत परत फिरली. चूक पूर्ण माझी होती. मी तिथे जाऊन सांगितलं आणि त्या कामाचा शेवटचा हप्ता घेतला नाही. आता शुक्रवारी काहीही हलवत नाही, टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतात तो आकडा) दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणतो, आणि हलवल्यावर पहिलं काम साइट बघणं नसतं, बाहेरच्या खात्यावरून त्यांना ईमेल पाठवून तो पोचला का ते विचारणं असतं.

बाकीचं पटकन होतं. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) शोध इंजिनांना अडवणारी खूण काढा, ती राहिली तर गूगलमध्ये साइट येणारच नाही. जुन्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे ३०१ (कायमची) वळवणी द्या. एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेट आपोआप नवं होतंय का बघा, लेट्स एनक्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट जास्तीत जास्त ९० दिवसच चालतं. फॉर्म भरून बघा आणि तो ज्याला पोचायचा त्याच्याकडून "आला" असं लिहून घ्या. पहिलं पान मोठ्या चित्रासकट अडीच सेकंदांत दिसायला हवं, आणि ते ऑफिसच्या वायफायवर मोजू नका. आम्ही तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन ठेवला आहे, तो घेऊन खंडेराव मार्केटच्या गर्दीत मोबाइल डेटावर साइट उघडतो. गिऱ्हाईक तिथेच उघडणार आहे. अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा. फिक्या केशरीवर पांढरं लिहिलं तर उन्हात काकांना काहीच दिसत नाही.

धनत्रयोदशीच्या आधी एक फाइल तयार ठेवा, कागदाची. त्यात डोमेन कुठे आहे, होस्टिंग कुठे, कोणत्या ईमेलवर, कधी संपतं, बॅकअप कुठे पडतो, तो परत कसा बसवायचा, आणि बिघडलं तर कोणाला फोन करायचा. पासवर्ड त्यात लिहू नका, ते मालकाच्या फोनवर त्यांच्यासमोर टाकून द्या आणि एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला लावा. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसरीकडे बसवून उघडून बघा. हे आम्ही नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, सगळं बंद करण्यापूर्वी करतो.

लाभपंचमीच्या सकाळी स्टुडिओतलं एक माणूस आठ वाजता जागेवर असावं, लॅपटॉप उघडा. पेढीवर पूजा चालू असते, मालकांच्या हातात फोन, बाजूला सगळं घर. ज्यांना ते बटण स्वतः दाबायचं असतं त्यांना दाबू द्या. साइट आदल्या रात्रीच तपासून झालेली असते, फक्त "लवकरच येत आहोत"चं पान काढायचं उरलेलं असतं. काकूंनी ते दाबलं, आणि पहिली ऑर्डर नाशिकच्या त्यांच्या भावाची आली: अर्धा किलो खाऱ्या शंकरपाळ्या.