कूलरचा पंप आणि कंपनीचा हिशेब

नागपूरच्या इतवारीत मी बावीस वर्षं दुकानदारांच्या खातेवह्या लिहिते. मागच्या एप्रिलात नव्या कूलरचा पंप विसाव्या दिवशी जळाला. सर्व्हिसवाला म्हणाला, "पंप वॉरंटीत येत नाही काकू, ४५० लागतील." भांडण्याआधी मी कंपनीचा हिशेब मांडला. तुम्हीही मांडा.

समजा, असे १०,००० कूलर खपले आणि सगळ्यांचे पंप जळाले. पंप न बदलून कंपनीचे ४५ लाख वाचले. तक्रार करणार शंभरात एखादा. त्या १०० जणांना पंप आणि वर ५,००० दिले तरी गेले ५ लाख ४५ हजार. म्हणजे लबाडी परवडते! "माझे ४५० द्या" एवढंच मागितलं तर हा हिशेब जागचा हलत नाही.

म्हणून बिलं जमवा. जळालेला पंप मेकॅनिकला देऊ नका, तो पुरावा आहे. नंबरासकट फोटो काढा. आमच्या गल्लीत त्याच मॉडेलची नऊ बिलं निघाली (दोघांनी पक्कं बिल घेतलंच नव्हतं, काय बोलणार). मग स्पीड पोस्टानं नोटीस, आणि दाद नाही मिळाली तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तुम्ही नागपुरात राहता तर तक्रार नागपुरात चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं.

खरी गोम मागणीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली, आयोगाच्या परवानगीनं, सारखी तक्रार असलेल्या सगळ्यांतर्फे अर्ज करा. कलम ३९ ही लिहा: नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असतील आणि सहज शोधता येत नसतील, तर आयोग विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान २५ टक्के भरायला लावू शकतो. जुन्या कायद्यात हे ५ टक्केच होतं. कूलर ११,५०० चा धरा: २ कोटी ८७ लाखांवर जातं. हा पैसा तुमच्या खिशात येत नाही, आणि दोष सगळ्याच मालात आहे हे दाखवणं तुमच्याच गळ्यात. पण ४५ लाख वाचवणाऱ्याला तो आकडा नोटिशीत दिसला पाहिजे.

आमची नोटीस गेल्यावर सहाव्या दिवशी तोच सर्व्हिसवाला पोरगा दारात. हातात नवा पंप, फुकट. मी म्हटलं, "बाकीचे आठ कुठं आहेत रे?" तो फोन लावत अंगणात गेला.